टीव्हीची भिंत

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मुंबईच्या उपनगरांतल्या पुष्कळ घरांत एक काम ठरलेले असते. मखर मांडायचे तर हॉलमध्ये जागा हवी. बोरिवली-मुलुंडच्या वन-बीएचकेत मखर मावेल, समोर चार माणसे आरतीला उभी राहतील आणि दिव्यांच्या माळेसाठी प्लगही हाताशी असेल, अशी भिंत एकच असते. ती टीव्हीची. मग स्टुलावर चढून सेट-टॉप बॉक्सच्या वायरी काढायच्या, मागे साठलेली वर्षाची धूळ फडक्याने पुसायची, टीव्ही दोघांनी धरून बेडरूममध्ये कपाटाला टेकवून ठेवायचा आणि वर जुनी चादर टाकायची. भिंतीवर टीव्हीच्या आकाराचा, बाकीच्या रंगापेक्षा उजळ चौकोन उरतो. त्यावर पडदा लागतो आणि पडद्यापुढे मखर उभे राहते. मग दीड दिवस, पाच दिवस, घरात जितका मुक्काम असेल तितके दिवस टीव्ही चादरीखाली. नवल म्हणजे तो बंद आहे याची कुणाला फारशी आठवणही होत नाही. एरवी साडेसातची मालिका चुकली तर हळहळणारे घर साडेसातला कापूर कुठे ठेवला ते शोधत असते. शेजारची आरती आटोपली की आपली, आपली आटोपली की वरच्या मजल्यावरची.

यात भक्तीचा भाग किती आणि उत्सवाचा किती, हा वेगळा विषय. मला यात दिसते ती टीव्हीपासून घेतलेली एक सुट्टी. ती कुणी संकल्प करून घेतलेली नाही, तिच्यासाठी कुणी मन मारलेले नाही, आणि तरीही ती कुरकुर न होता पार पडते. एरवी टीव्ही कमी बघण्याचा विषय निघाला की सल्ला एकच मिळतो: मनावर घ्या, रिमोट ठेवून द्या, पुस्तक हातात घ्या. हा सल्ला मनोनिग्रहाच्या भाषेत बोलतो, जणू बघणारा एकटा आहे आणि हरतोही एकटाच. पण टीव्ही एकट्याची सवय म्हणून आपल्या घरांत आलेला नाही. तो घराच्या वेळेत आणि घराच्या जागेत बसलेला आहे. म्हणून त्याची सुट्टीही एकट्याने घेऊन निभत नाही. ती सगळ्यांची मिळून असावी लागते आणि तिला ठरलेली वेळ असावी लागते. मला सांगायचे आहे ते इतकेच, पण ते पटण्यासाठी थोडे मागेपुढे फिरावे लागेल.

आधी जागेबद्दल. नव्या इमारतीच्या फ्लॅटच्या नकाशात टीव्ही पॉइंट कुठे येणार हे तिथे राहायला येणाऱ्याचे नाव ठरण्याआधीच ठरलेले असते. त्या पॉइंटसमोर सोफा, सोफ्याच्या बाजूला जेवणाचे टेबल, तेही असे की जेवणाऱ्याचे तोंड पडद्याकडे यावे. घरातली माणसे समोरासमोर बसण्याऐवजी एका रांगेत बसतात. अशा चारशे चौरस फुटांत एकाने ठरवले की आजपासून टीव्ही बघायचा नाही, तर त्याने जायचे कुठे? स्वयंपाकघरात गेला तर संवाद त्याच्या मागोमाग येतात. रोजच्या मालिकेची बांधणीच तशी असते. धक्कादायक वाक्य आले की ढोल-ताशासारखा आवाज, मग एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा, पात्रे मनातले विचारही मोठ्याने बोलतात, आणि जाहिरातींनंतर मघाचाच प्रसंग थोडा पुन्हा दाखवला जातो. पडद्यासमोर टक लावून बसलेल्याला हे बाळबोध वाटते. पण ओट्याशी भेंडी चिरत, कुकरच्या शिट्ट्या मोजत, अधूनमधून दारात डोकावणाऱ्या बाईला गोष्टीचा धागा सुटू नये, याची ती सोय आहे. मालिका जितकी पाहिली जाते तितकीच ऐकली जाते. म्हणून टीव्ही घरातली कामे थांबवत नाही. पोळ्या होतात, गृहपाठ होतो, पाहुण्यांशी बोलणेही होते. फक्त प्रत्येक कामाच्या वाट्याला अर्धे लक्ष येते.

आता वेळेबद्दल. 2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपण संध्याकाळचे काही तासच असायचे. ते संपले की पडद्यावर काही नसे. ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, गुरुवारचे ‘छायागीत’, रविवारचा सिनेमा या सगळ्याला वार होता. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या गोष्टीची वाट पाहावी लागे, आणि वाट पाहण्याचे दिवस आपोआप टीव्हीविना जात. 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले तेव्हा रस्ते ओस पडत, ही हकीकत आता दंतकथेसारखी सांगितली जाते. त्या हकीकतीचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. भाग संपला की रस्ते पुन्हा भरत. ज्याच्या घरी सेट होता त्याच्या दारातल्या चपलांच्या ढिगातून आपली जोडी शोधत माणसे बाहेर पडत, आणि दुपारपर्यंत गॅलरीत त्याच भागावर चर्चा चाले. प्रभाव जबरदस्त होता, पण त्याला काठ होता.

इथे कुणीही म्हणेल की हा काठ काही शहाणपणातून आलेला नव्हता. सरकारी मक्तेदारी होती, पैसा कमी, कार्यक्रम कमी. टंचाईलाच तुम्ही संयम म्हणता आहात. आक्षेप रास्त आहे. ते दिवस परत यावेत असे वाटायला मी तयार नाही. एकच वाहिनी आणि तीही सरकारची, यात हळवे होण्यासारखे काही नाही. मात्र बंद तास टंचाईतूनच येतात असे नाही. आइसलँडमध्ये सरकारी टीव्ही 1966 साली सुरू झाला आणि पुढची वीसेक वर्षे तिथे गुरुवारी प्रक्षेपणच नसे. गुरुवारची सुट्टी 1987 मध्ये संपली. जुलै महिनाही बराच काळ टीव्हीविना जाई. ब्रिटनमध्ये 1957 पर्यंत संध्याकाळी सहा ते सात पडदा बंद ठेवत, मुलांना झोपवणे आईबापांना सोपे जावे म्हणून. जाहिरातींवर चालणाऱ्या नव्या वाहिनीला तो तास परवडेना, आणि तो गेला. निदान ब्रिटन तरी कार्यक्रमांअभावी गप्प बसलेला नव्हता. बघणाऱ्याच्या घरात दुसरेही काही चालते, त्याला जागा ठेवावी, एवढा विचार तिथे केला गेला होता. सुट्टी यंत्रणेतच शिवलेली होती. घरातल्या कुणावर वाईटपणा घेऊन रिमोट हिसकावण्याची पाळी येत नव्हती.

आपल्याकडे ही शिवण उसवली 1990 नंतर. मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, 2 ऑक्टोबर 1992 रोजी, झी टीव्ही सुरू झाला. 1999 मध्ये अल्फा मराठी आले, 2000 मध्ये ईटीव्ही मराठी. साप्ताहिक मालिका रोजची झाली. ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून अकरा वर्षे चालली आणि तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. रोज येणारी गोष्ट पाहुणी राहत नाही, ती घरातली होते. मग घरची वेळही तिच्या नावाने ओळखली जाते: अमुक मालिका लागली की भात लावायचा, तमुक संपली की दूध विरजायचे. फोन करायचा तर साडेआठनंतर, कारण आठला आत्या उचलणार नाही. कपड्यांपासून दागिन्यांपर्यंत सगळीकडे तिची सावली पडते. ‘होणार सून मी ह्या घरची’ गाजत होती तेव्हा दादरपासून बोरिवलीपर्यंत सराफांच्या काचेआड नायिकेच्या नावाचे ‘जान्हवीचे मंगळसूत्र’ होते आणि बायका ते त्याच नावाने मागत. यात वाईट काय, असे कुणी विचारले तर वाईट काहीच नाही. पूर्वी नाटक-सिनेमातल्या नट्यांच्या साड्या बघून साड्या घेतल्याच जात होत्या. फरक इतकाच की नाटक संपून पडदा पडे. ही गोष्ट वर्षानुवर्षे संपत नाही.

ती खरोखर थांबली तेव्हा काय झाले, याचा पडताळा याच उपनगरांनी पाहिला आहे, कारण मालिका बनतात त्या इथेच. गोरेगावची चित्रनगरी, मढचे बंगले, मालाड-अंधेरीचे स्टुडिओ, लिंक रोडवरची निर्मात्यांची कार्यालये. पडद्यावरचा कोल्हापूरचा वाडा पुष्कळदा घोडबंदरच्या अलीकडेपलीकडेच उभा असतो. मार्च 2020 मध्ये करोनामुळे चित्रीकरण थांबले. हाताशी असलेले भाग काही दिवसांत संपले आणि वाहिन्यांवर जुने भाग फिरू लागले. दूरदर्शनने 28 मार्चपासून ‘रामायण’च पुन्हा आणले. नवे भाग यायला जुलै उजाडला. इतके महिने गोष्ट पुढे सरकली नाही आणि कुणाचे काही बिघडले नाही, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण तो काढता येत नाही. त्या महिन्यांत लोक घरात कोंडलेले होते, धास्तावलेले होते आणि टीव्ही उलट जास्तच चालू होता. आपत्तीत मिळालेली सुट्टी सुट्टी नसते. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर उपनगरांतले कित्येक भाग काही दिवस अंधारात होते, शेजारी जिन्यात बसून गप्पा मारत होते. तरी त्या दिवसांची हौस कुणाला नाही.

खरा धडा पुढच्या वर्षी मिळाला. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले, चित्रीकरण पुन्हा बंद झाले, आणि यावेळी कुणी थांबले नाही. मालिकांचे ताफे कपडे, कॅमेरे, कलाकारांसह गोवा, दमण, सिल्वासा, हैदराबादकडे निघाले. घरातली माणसे अचानक एखाद्या रिसॉर्टवर सहलीला गेली, अशी कथानके एका रात्रीत लिहिली गेली. मे महिन्यात गोव्याने परवानग्या रद्द केल्या, तेव्हा आणखी दुसरीकडे धावाधाव. माणूस आजारी पडला तर पडो, भाग पडता कामा नये. याला नुसती हाव म्हणून चालणार नाही. मालिकेवर जगणारी माणसे हजारोंनी आहेत: स्पॉटदादा, रंगभूषाकार, ड्रेसदादा, लाइटमन, जेवणाचे डबे पुरवणारे. त्यांचा हिशेब रोजावर असतो आणि टीव्हीची सुट्टी म्हणजे त्यांच्या घरची चूल विझणे, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र याच माणसांना विचारले तर विश्रांतीची खरी उपासमार त्यांच्याकडेच दिसते. बारा-तेरा तासांची शिफ्ट, सकाळचा कॉल टाइम, प्रवास वेगळा. ‘बँक नाही’ म्हणजे पुढचे भाग शिलकीत नाहीत, आज चित्रित झालेले उद्या टेलिकास्टला जाणार. कुणा तरी घरात साडेसातला पडदा रिकामा राहू नये म्हणून दुसऱ्या घरातला माणूस मध्यरात्री विरारच्या गाडीत पेंगत उभा असतो. बघणारा आणि बनवणारा एकाच स्टेशनावर उतरतात. दोघांनाही न थांबणाऱ्या त्याच गोष्टीने जुंपले आहे.

तेव्हा यंत्रणा आपण होऊन थांबणार नाही, आणि एकटा माणूस एकट्याने थांबू शकत नाही. मधली जागा कुठली? सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव हे तिचे उत्तर म्हणून पुढे येते. जेमतेम तीन हजार वस्तीचे, शेतकऱ्यांचे आणि साखर कारखान्यात काम करणाऱ्यांचे गाव. करोनाकाळात शिकवणी मोबाइलवर गेली, शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना, आणि मोठी माणसे टीव्हीसमोरून हलेनात. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला, ऑगस्ट 2022 मध्ये गावाच्या सभेत ठराव झाला, आणि स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. सात ते साडेआठ टीव्ही बंद, मोबाइल बंद. पुरुष आधी हसले होते. मालिका जरा जास्तच होतात, हे बायकांनी कबूल केले. आशा सेविका, शिक्षक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांना घरोघरी जाऊन समजवावे लागले. पुढे ही कल्पना गावोगाव गेली. डिसेंबर 2024 मध्ये बेळगावजवळच्या हलग्यानेही सात ते नऊचा भोंगा सुरू केला. मला यात महत्त्वाचे वाटते ते दीड तासाचे माप. टीव्ही फोडा, केबल कापा, असे कुणी म्हणाले नाही. साडेआठला पुन्हा लावा, खुशाल बघा. आणि सगळ्यांचा एकदम बंद असल्यामुळे आपले काही चुकते आहे असे कुणालाच वाटायला नको. मालिकेची अर्धी ओढ तिच्या गोष्टीत असते. अर्धी असते ती उद्या शेजारीण त्यावर बोलेल तेव्हा आपण गप्प बसू, या धास्तीत.

याविरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पहिला मुद्दा बायकांचा, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. सकाळचा डबा, दिवसभराची नोकरी, गाडीतली चेंगराचेंगरी, परत आल्यावर स्वयंपाक, यानंतर जी बाई अर्धा तास पाय वर घेऊन मालिका बघते, तिला संस्कृतीचे धडे देणारे आपण कोण? तो अर्धा तास दिवसातला तिचा एकमेव स्वतःचा असू शकतो. म्हणून कुठल्याही बंद तासाला एक साधा प्रश्न विचारायला हवा: टीव्ही बंद झाला तेव्हा ओटाही बंद झाला का? नसेल, तर ती सुट्टी घराची झाली आणि किंमत तिने मोजली. टीव्ही बंद करून मुलांचा अभ्यास घ्यायचे कामही तिच्याकडेच आले, तर तिने बंद तासाला विरोध करावा हेच योग्य. दुसरा मुद्दा म्हाताऱ्यांचा. मुलगा पुण्याला, मुलगी न्यू जर्सीला आणि अंधेरीच्या चौथ्या मजल्यावर एकटे आजोबा. त्यांच्या घरात टीव्ही ही माणसाच्या आवाजाची सोय आहे. बातम्या बघायच्या नसतात, कुणीतरी बोलत असलेले हवे असते. त्यांना बंद करा म्हणणे क्रूरपणा आहे, हे मान्य. पण तेवढ्यासाठीच तर बंद तास सामाईक हवा. आजोबांचा एकट्याचा टीव्ही बंद झाला तर शांतता उरेल. मजल्यावरच्या चारही घरांतला बंद झाला तर कुणीतरी दार उघडे ठेवील आणि आजोबांचा आवाजही कुणाच्या कानावर पडेल.

तिसरा आक्षेप असा की तुम्ही गेल्या पिढीशी भांडता आहात. टीव्ही आता बघतो कोण, सगळे मोबाइलमध्ये आहे. खरे आहे, आणि म्हणूनच टीव्हीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. टीव्ही घरातली सामाईक वस्तू आहे, त्याचा रिमोट एक आहे, तो चालू आहे हे सगळ्यांना दिसते. त्याच्याबद्दल भांडता येते, तडजोड करता येते, आज क्रिकेट आणि उद्या मालिका असे ठरवता येते. मोबाइलने ही भांडणे मिटवली, प्रत्येकाला स्वतंत्र पडदा दिला, आणि भांडणाबरोबर ठरवण्याची सवयही गेली. सामाईक पडदा सामाईकपणे बंद करता येत नसेल, तर पाच खिशांतले पाच पडदे बंद होतील अशी आशा कशावर ठेवायची? वडगावचा भोंगा दोन्हींसाठी वाजतो, यात मला मोठी समज दिसते. राहिला सक्तीचा प्रश्न. गावाने ठरवले की व्यक्तीचे काय? शंका चुकीची नाही. सामाईक शिस्तीला चौकसपणाची कीड लवकर लागते. माप लहान, मुदत ठरलेली आणि न पाळणाऱ्याला शिक्षा नाही, एवढी पथ्ये असतील तर मात्र ती सक्ती मला मालिकेच्या वेळापत्रकाहून जाचक वाटत नाही. साडेसात ही वेळ तरी आपण कुठे निवडली होती?

एवढे बोलून झाल्यावर उपनगरांकडे पाहिले की पंचाईत दिसते. वडगावला सात वाजतात ते सगळ्यांचे एकदम. इथे एकाच मजल्यावर तीन घड्याळे चालतात. कुणी सहाला शाळेतून घरी आलेले असते, कुणी साडेआठला फास्ट गाडीतून बोरिवलीला उतरून रिक्षाच्या रांगेत उभे असते, कुणी मुलुंडहून घाटकोपरला मेट्रो पकडून मरोळ-सीप्झच्या रात्रपाळीला निघालेले असते. या इमारतींवर कोणत्या वेळेला भोंगा लावायचा? बाहेर आवाज तसाही इतका की एक भोंगा जास्त वाजला तरी ध्यानात येणार नाही. म्हणून गावाची नक्कल इथे चालणार नाही. इथले माप कदाचित आठवड्यातल्या एका संध्याकाळचे असेल, कदाचित एका घरापुरते, फक्त जेवणाच्या ताटापुरते. ते किती असावे हे बाहेरून सांगता येणार नाही. ते आपसांत ठरवावे लागेल, आणि आपसांत ठरवण्याचा सराव आपल्याला किती आहे हे सोसायटीच्या वार्षिक सभेला कळते. ठरलेल्या वेळी सातआठ माणसे येतात, गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच सातआठ जणांत पार पडते. पाण्याची टाकी, पार्किंग, लिफ्टचा ठेका एवढे विषय त्यांच्या जिवावर निघतात. मधल्या अर्ध्या तासात ही माणसे खाली कंपाउंडमध्ये उभी राहून बोलत असतात. कधी नव्हे ते कुणाचा मुलगा कितवीत आहे ते एकमेकांना कळते. बाकीची घरे वर आपापल्या मालिका बघत असतात. वडगावला आधी सभा होती, भोंगा नंतर आला. भोंगा मिळवणे आपल्यालाही अवघड नाही, तो मोबाइलवरसुद्धा लावता येतो. सभा कुठे आणि किती जणांत भरवायची, एवढाच प्रश्न आहे.